तीनशे बारा काठ्या

झाडांना मुलाखतीला बोलावल्याचं पत्र रोपवालीच्या हातात मंगळवारी सकाळी पडलं. पत्र झाडांच्या नावाने होतं, म्हणून तिने ते आधी झाडांना वाचून दाखवलं.

त्या पत्राचा प्रवासही ऐकण्यासारखा. ते टाइप केलं होतं वन्संनी, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या धाकट्या बहिणीने. शहराच्या उद्यान कचेरीत वन्सं वरिष्ठ कारकून होत्या. सही साहेबांची, पण साहेबांचा हात सहीपुरता, बाकी सगळे हात वन्संचे. पाकिटात घातलं वन्संनी, तिकीट चिकटवलं वन्संनी, पेटीत टाकलं वन्संनी, आणि चार दिवसांनी ते घरी आलं तेव्हा दारात उभं राहून घेतलंही वन्संनीच. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमचं काहीतरी कचेरीचं आलंय. काय आहे बघा बाई."

"तुम्हालाच ठाऊक असेल की, वन्सं. तुम्हीच लिहिलंय."

"आत्ता मी घरी आहे," वन्सं म्हणाल्या. "घरी असताना मला कचेरीतलं काही ठाऊक नसतं."

आणि हे खरंच होतं. एका छताखाली, एका चुलीवर अकरा वर्षं काढली दोघींनी, पण कचेरीच्या पायरीवर पाय पडला की वन्संच्या तोंडून 'वहिनी' जाऊन 'अर्जदार' यायचं. परत येताना त्याच पायरीवर त्या 'अर्जदार' ठेवायच्या आणि 'वहिनी' उचलून घरी आणायच्या.

पत्रात लिहिलं होतं: 'समुद्ररस्त्याच्या कडेने लावण्यासाठी केवळ स्थानिक झाडांची निवड करावयाची आहे. इच्छुक झाडांनी येत्या गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता तिसऱ्या मजल्यावर स्वतः हजर राहावे. सोबत रहिवासाचा पुरावा व दोन फोटो आणावेत. उशिरा येणाऱ्या झाडांचा विचार केला जाणार नाही.'

साहेब असे का वागत होते, त्याला कारण होतं. गाव परातीसारखं सपाट. हातभर उकरलं की खारं पाणी लागायचं, आणि वारा असा की वाळत घातलेला सदरा माणूस आत असल्यासारखा हातवारे करायचा. गेल्या वर्षी साहेबांनी एका गुळगुळीत पुस्तकातला फोटो बघून उंच, केशरी फुलांची झाडं पसंत केली. पुस्तकात खाली 'स्थानिक' असं छापलेलं होतं. कुठली स्थानिक ते छापायचं राहून गेलं होतं. तीनशे बारा खड्डे, तीनशे बारा झाडं. मग एका दुपारी वारा सुटला, आणि वर्गात मास्तर नसताना मुलं बाकावर डोकी टेकतात तशी सगळी रांग एका अंगाला निजली. एक झाड तर साहेबांच्या गाडीवरच निजलं. त्या दिवशी गाडीच्या चेपलेल्या टपावर हात ठेवून साहेबांनी शपथ घेतली, "यापुढे इथलीच झाडं. आणि पुस्तकावर विश्वास नाही, कुणाच्या सांगण्यावर नाही. झाड समोर बसेल, मी समोर बसेन."

रोपवालीला ही शपथ कळली तेव्हा तिला हसू आलं, आणि मग हसता हसता आशा वाटली. आशेचं असंच असतं, ती कुठल्याही फटीतून आत शिरते.

तिची रोपवाटिका पाण्याच्या टाकीमागे होती. तीन वर्षांपूर्वी किनाऱ्याच्या टोकाला उंडीची जी सात जुनी झाडं वाऱ्याला पाठ देऊन उभी आहेत, त्यांच्या खालून तिने ओटीभर फळं वेचून आणली. एकेक टणक कवच हलक्या हाताने फोडलं, आतला गर पाण्यात भिजवला, वाळूमातीत निजवला. सोबत करंज आणि भेंडही लावली. सगळी मिळून तीनशे बारा रोपं झाली, खड्ड्यागणिक एक. उंडीचं पान जाड, चामड्याच्या चपलेसारखं. मीठ त्यावर बसतं आणि कंटाळून निघून जातं. पिशव्या भरताना तिच्या तोंडी आपसूक ओवी यायची:

*वारा गं खारट, पान माझं जाड*
*उभी राहे आड लेकरांच्या*

पण पिशवी हे काही घर नव्हे. उंडीचं मूळ सरळ खाली जायला निघतं. पिशवीचा तळ लागला की ते वळतं, आणि वळत वळत स्वतःभोवतीच वेटोळं घालतं. दोन वर्षं चालून जातं. तिसरं वर्ष सरलं की ते वेटोळं लाकूड होतं, आणि मग ते झाड कुठेही लावा, वाढतं पण उभं राहत नाही. बुंध्याशी पिळवटून पडतं. तिची रोपं तिसऱ्या वर्षाच्या शेवटाला आली होती. यंदाचा लागवडीचा महिना हुकला, तर तीनशे बारा जीव पिशवीतच म्हातारे होणार होते. तिची स्वतःची जमीन म्हणाल, तर घरामागे दोन खुर्च्या मावतील एवढी, आणि तिथे दोन खुर्च्या होत्या.

"पुरावा कसला आणू?" तिने बुधवारी कचेरीत जाऊन विचारलं.

वन्संनी चष्म्यावरून पाहिलं. "अर्जदाराने वृक्षनोंद वहीचा उतारा जोडावा."

वही उघडली. शहरात आजवर लावलेल्या प्रत्येक झाडाची त्यात नोंद होती: कोणी आणलं, कुठून आणलं, कुठल्या जहाजातून उतरवलं, कुणाच्या हस्ते लावलं. दूरदेशच्या झाडांची पानंच्या पानं भरली होती. उंडी कुठेच नव्हती.

"असणार कशी?" रोपवाली म्हणाली. "ती कुणी लावलीच नाही. ती पहिल्यापासून आहे."

"पहिल्यापासून म्हणजे कुठल्या तारखेपासून?"

"तारखा नव्हत्या तेव्हापासून."

"तारीख नाही म्हणजे नोंद नाही, नोंद नाही म्हणजे रहिवास नाही," वन्सं म्हणाल्या. "अर्जदार, जी आणली ती सगळी पुराव्यानिशी इथली. जी इथलीच आहे तिच्याकडे पुरावा नाही. यात माझा काय दोष?"

तरीही न्यायबुद्धीने वन्संनी एक नोटीस काढली आणि किनाऱ्यावरच्या सातही उंड्यांच्या खोडांवर चिकटवली: 'आपण येथे कधीपासून वास्तव्यास आहात ते एका दिवसात लेखी कळवावे.' उत्तर आलं नाही. वन्संनी तसं लिहून ठेवलं.

गुरुवारी रोपवालीचा नवरा पाण्याच्या टँकरमधून तीन उमेदवार घेऊन आला: एक उंडी, एक करंज, एक भेंड. तो कमी बोलणारा माणूस. दिवसभर पाणी वाहून तोही पाण्यासारखाच झाला होता, जिकडे उतार तिकडे जायचा. तीन जिने चढून त्याने धापा टाकत विचारलं, "कुठे ठेवू?"

"ठेवायचं नाही. बसवायचं," त्याची बहीण म्हणाली.

तिसऱ्या मजल्याच्या बोळकांडीत खुर्च्या मांडल्या होत्या. झाडं खुर्च्यांवर बसली. भेंडाची फांदी पंख्याच्या वाऱ्याने हलत होती, आणि रोपवालीने तिला हळूच दाबून धरलं. मुलाखतीआधी चुळबुळ बरी दिसत नाही. नियमात होतं की मजल्यावरील सर्व हिरव्या झाडांना क्रमांक द्यावेत. वन्संनी नियमाबरहुकूम क्रमांक चिकटवले. एक, उंडी. दोन, करंज. तीन, भेंड. आणि चार, पाण्याच्या कूलरशेजारी उभं असलेलं कचेरीचं शोभेचं प्लास्टिकचं ताडझाड.

निवड समितीत दोघंच. एक साहेब, आणि दुसरे पोहण्याच्या तलावावरचे मास्तर, किनाऱ्याचे तज्ज्ञ म्हणून. वन्सं कोपऱ्यात टिपण घ्यायला. उमेदवारासोबत एका पालकाला आत जायची परवानगी होती, म्हणून रोपवाली उंडी कडेवर घेऊन आत गेली.

"नाव?" साहेबांनी विचारलं.

"उंडी."

"बाई, झाडाला विचारलंय."

सगळे थांबले. भिंतीवरच्या घड्याळाने दोन मिनिटं घेतली. उंडी काही बोलली नाही.

"लिहा, मितभाषी," साहेब म्हणाले. "हा चांगला गुण आहे. पुढे?"

मास्तर पुढे झुकले. "पोहता येतं का?"

"झाडाला नाही, पण फळाला येतं," रोपवाली उत्साहाने म्हणाली. "महिनामहिना समुद्रावर तरंगतं, दूर कुठल्या किनाऱ्याला लागतं आणि तिथे रुजतं."

"वा!" मास्तरांचे डोळे चमकले. "पोटावर की पाठीवर?"

पण साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "थांबा. फळ पोहून लांब जातं, म्हणजे लांबून पोहून येऊही शकतं. मग ही इथली कशावरून? पोहून आली असेल तर बंदरात नोंद केली का?"

"साहेब, ती यायच्या आधी बंदर नव्हतं."

"मग तर जास्तच संशयास्पद."

आपल्याच तोंडाने आपण लेकराच्या पायावर धोंडा मारला, हे रोपवालीला कळलं. करंजाची गत अशी झाली की ते वर्षातून एकदा सगळी पानं उतरवून ठेवतं, हे ऐकून साहेब म्हणाले, भर रस्त्यात हे शोभत नाही. भेंडाचं फूल सकाळी पिवळं असतं आणि मावळतीला तांबूस होतं, हे तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं. "म्हणजे सकाळी एक, संध्याकाळी एक," साहेबांनी मान हलवली. "भरवशाचं नाही."

मग वन्संनी दारातून हाक मारली, "क्रमांक चार!" कुणी आलं नाही, म्हणून वन्सं स्वतः जाऊन त्याला घेऊन आल्या.

"यांच्यासोबत पालक?"

"नाही साहेब. कचेरीतच वाढलेलं आहे."

"किती वर्षं?"

"एकोणीस. सामानाची जडसंग्रह वही, पान त्रेपन्न. आपल्या आधीच्या साहेबांची सही आहे."

साहेब खुर्चीत ताठ झाले. "पुरावा पक्का. पानगळ?"

"आजवर एक पान पडलेलं नाही."

"मीठ सोसतं?"

"फरशी रोज खाऱ्या पाण्यानेच पुसतात, साहेब. तक्रार केलेली नाही."

"पाणी किती पितं?"

वन्संनी प्रामाणिकपणे विचार केला. "कूलर शेजारीच आहे, पण कधी घेताना पाहिलं नाही."

रोपवालीला राहवेना. ती दारातून ओरडली, "अहो साहेब, ते प्लास्टिकचं आहे!"

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, दुसऱ्या उमेदवाराची नालस्ती करू नका. लिहा, क्रमांक एकचा एक गुण कमी."

ते प्लास्टिकचं आहे हे साहेबांना ठाऊक होतं, मास्तरांना ठाऊक होतं आणि वन्संना तर एकोणीस वर्षं ठाऊक होतं, दर शनिवारी त्याची धूळ त्याच पुसायच्या. पण अर्जात 'जिवंत आहे का' असा रकाना नव्हता. नसलेल्या रकान्यात कोण काय लिहिणार?

निकाल लागला. क्रमांक चार उत्तीर्ण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत भांडी घासताना रोपवाली मुद्दाम जरा वरच्या सुरात म्हणत होती:

*नणंदबाईच्या हातात लेखणी*
*तिच्याही अंगणी फुलो काही*

"ऐकू येतं हो मला," आतून वन्सं म्हणाल्या.

"ऐकू यावं म्हणूनच म्हणतेय."

"शिव्या द्यायच्या तर सरळ द्याव्यात. यमक जुळवून काय देता?"

"शिवी कुठे आहे? आशीर्वाद आहे."

"तुमचे आशीर्वाद फार टोचतात, वहिनी," वन्सं म्हणाल्या, आणि चपला घालून कचेरीत गेल्या.

त्याच दुपारी निवडलेलं ताडझाड साहेबांच्या गाडीतून, मागच्या आसनावर बसून, रोपवाटिकेत आलं. सोबत हुकूम होता: 'या झाडापासून बी धरून अथवा फांदी लावून महिनाभरात तीनशे बारा नग तयार करावेत.' रोपवालीने त्याला करंजांशेजारी सावलीत उभं केलं. ती कुणावर राग धरणारी बाई नव्हती. पहिल्या दिवशी तिने त्यालाही सवयीने पाणी घातलं, मग कपाळावर हात मारून घेतला. आठवड्याने तिने कळवलं, 'उमेदवार बी धरत नाही.' कचेरीतून सहानुभूतीचं उत्तर आलं. एकट्याने एवढी वर्षं काढल्याने तसं झालं असेल, जोडीदार देऊन बघावा, असं मास्तरांनी सुचवलं होतं. जोडीदार शोधायला म्हणून साहेब घरगुती सामानाच्या दुकानात गेले, तर तिथे अगदी तसेच तीनशे अकरा मिळाले. साहेबांना गहिवरून आलं. सगळं कुटुंब एकदम सापडलं होतं.

ते कुटुंब रोपवाटिकेत येऊन पडलं आणि लागवडीचा दिवस ठरला, महिन्याचा शेवटचा शनिवार. रोपवालीने बोटांवर मोजलं. तेरा दिवस. त्यानंतर माती तापणार, आणि पिशव्यांतली मुळं लाकूड होणार.

रविवारी वन्सं ताडझाडांची मोजणी करायला आल्या. अकरा वर्षांत त्यांनी रोपवाटिका फक्त कागदावर पाहिली होती. कागदावर ती कोरडी होती. पहिल्याच पावलाला त्यांची चप्पल चिखलात रुतली. एक पाय वर धरून त्या उभ्या होत्या, तेव्हा त्यांना आवाज आला. कट्. जरा वेळाने पुन्हा, कट्.

रोपवाली एकेक पिशवी उचलत होती. पिशवी उचलली की खालून काहीतरी तुटत होतं.

"हे काय चाललंय, वहिनी?"

"मुळं पिशवी फाडून खाली जमिनीत गेलीत. दर पंधरवड्याला उचलून तोडावी लागतात."

"पण पिशवीबाहेर येतातच का ती?"

"जायचंय त्यांना."

"कुठे?"

"खाली."

"कुणी सांगितलं म्हणून?"

"कुणी नाही सांगितलं, वन्सं. विचारतही नाहीत कुणाला."

वन्सं वाकल्या. तुटलेल्या मुळाच्या पांढऱ्या टोकावर पाण्याचा एक थेंब होता. त्यांनी बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. मग दुसरी पिशवी स्वतः उचलून पाहिली. कट् झालं, आणि त्यांनी ती घाईघाईने होती तिथे परत ठेवली, तुटलेलं जोडलं जाईल अशा बेताने.

रोपवालीने हात पदराला पुसले. "अकरा वर्षांत तुमच्याकडे काही मागितलं नाही मी. आज मागते. यांना जमिनीत जाऊ द्या. यंदा नाही तर कधीच नाही. उंड्या मला नको आहेत, माझ्या दाराशी नको आहेत. त्यांना रस्त्याला लावा, गटाराकाठी लावा, पण लावा."

"कचेरीत नातं चालत नाही, वहिनी."

"इथे कचेरी कुठे आहे? इथे चिखल आहे."

वन्संनी चिखलात रुतलेली चप्पल ओढून काढली. "मी आयुष्यात खोटी नोंद केली नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "करणारही नाही."

"खोटी नको. खरीच करा."

"खऱ्याला रकाना नाही ना," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता, पण चिखलाजवळ कुणाचाही होतो. ताडझाडं न मोजताच त्या निघून गेल्या. त्यांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच घडलं.

त्यानंतर घरात अबोला. वन्सं रात्रीचं जेवण उरकलं की नियमांचं जाडजूड पुस्तक उघडून बसायच्या. रोपवालीला वाटलं, आपल्याला नाही म्हणायला आणखी भक्कम नियम शोधतायत. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "वाचतेय." एवढंच. सोमवार गेला, आठवडा गेला. पुन्हा सोमवार गेला. शनिवारची लागवड उंबऱ्याशी आली. रोपवालीने मनातल्या मनात रोपांचा निरोप घ्यायला सुरुवात केली होती. रोज पन्नासांचा, म्हणजे एकदम सगळ्यांचा घ्यायला नको.

शुक्रवारी सकाळी दारावर टकटक झाली. वन्संनी पत्र घेतलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन म्हणाल्या, "वहिनी, तुमचं काहीतरी कचेरीचं आलंय."

रोपवालीने ओल्या हातानेच पाकीट फाडलं.

'नियम एक्केचाळीस. वाऱ्याच्या प्रदेशात लावलेल्या प्रत्येक नव्या झाडास आधाराची काठी द्यावी. काठी किनाऱ्यावरच्या लाकडाची, न मोडणारी व जमिनीत हातभर रोवलेली असावी. काठीस मुलाखत, फोटो अथवा रहिवासाचा पुरावा लागत नाही. सबब रोपवाटिकेने आपल्याकडील तीनशे बारा काठ्या शनिवारी जागेवर पुरवाव्यात. काठ्या आहेत त्या स्थितीत स्वीकारल्या जातील. काठीस पाने वा मुळे असल्यास ती छाटण्याची तरतूद नियमात नाही.'

रोपवालीने दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात. "वन्सं... हे चार दिवसांपूर्वीच तोंडाने सांगितलं असतं तर? अहो, मी चार दिवस जेवले नाही!"

"मला काय माहीत त्यात काय लिहिलंय," वन्सं म्हणाल्या. "मी घरी आहे." आणि त्या इतक्या घाईने वळल्या की कुणाला तोंड दिसू नये.

शनिवारी समुद्ररस्त्यावर मास्तरांचं भाषण झालं. तलावात बुडणाऱ्याला आणि जमिनीत रुजणाऱ्याला, दोघांनाही धीर हवा असतो, असं ते म्हणाले. साहेब रांगेतून फिरले. एका खड्ड्यापाशी थबकले.

"या काठ्या हिरव्या कशा?"

"ओल्या लाकडाच्या आहेत, साहेब," वन्सं म्हणाल्या. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"पानं आहेत यांना."

"छाटायची तरतूद नाही."

"खड्डा एवढा खोल?"

"हातभर. नियमात आहे."

साहेबांनी ताडझाडाकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं. ताडझाड चकचकीत होतं. समाधानाने मान हलवून ते पुढे गेले.

रोपवाली गुडघ्यावर बसली होती. पिशवी उभी कापायची, सोलून काढायची. मुळांच्या वेटोळ्यावर तीन ठिकाणी सुरीने उभी चीर द्यायची, बोटांनी हलकेच मोकळी करायची, वेणी सोडवावी तशी. मग खाली सोडायचं. वाळू भरायची, थापटायची. नवरा टँकरच्या नळीने पाणी सोडत मागून येत होता. शेवटी काठीला दोरीने ताडझाड बांधायचं. तिच्या ओठांवर नवी ओवी आली होती, कुणी न शिकवलेली:

*काठी म्हणा मला, नाव काही घाला*
*माती म्हणे, आला जीव माझा*

दुपार कलायच्या आत तीनशे बाराही जमिनीत गेली.

बाविसाव्या दिवशी वारा सुटला. भर दुपारी, सगळं गाव जेवायला बसलेलं असताना. दोऱ्या सुटल्या आणि ताडझाडं उडाली. छपरांवरून गेली, शाळेच्या पटांगणात उतरली, एक साहेबांच्या कचेरीत तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून परत आलं. पन्नासेक समुद्रात पडली आणि लाटांवर डोलत निघाली. मास्तर किनाऱ्यावर उभे राहून ओरडत होते, "पाय मारा! पाय मारा!"

वारा पडल्यावर साहेब समुद्ररस्त्यावर आले. वन्सं वही घेऊन मागे, रोपवाली त्यांच्याही मागे. रस्त्याच्या वळणापाशी तिने डोळेच मिटले. मग एकेक करून उघडले.

काठ्या वाकल्या होत्या. दहा-बारा आडव्या झाल्या होत्या. बाकी सगळ्या उभ्या होत्या, पानांवर मीठ घेऊन.

"झाडं कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"गेली, साहेब."

"आणि हे?"

"काठ्या."

वाऱ्याचा उरलासुरला झोत आला, तेव्हा साहेब नकळत एका उंडीच्या आडोशाला सरकले, आणि गुडघ्याएवढ्या झाडाचा आडोसा घ्यायचा तर बसावं लागतं, म्हणून बसले. तिथे थोडं बरं वाटलं असावं. बसल्या बसल्या त्यांनी एक पान चिमटीत धरून बघितलं. "जाड आहे," ते म्हणाले, स्वतःशीच. मग वर बघून म्हणाले, "पुन्हा निवड करावी लागेल. नवी जाहिरात, नवे अर्ज, मुलाखती. वेळ लागेल."

"लागेल, साहेब."

"तोवर काठ्या काढू नका. नवं झाड आलं तर आधार लागेलच."

वन्संनी तसं लिहून घेतलं. साहेबांनी सही केली आणि पँटची वाळू झटकत ते निघून गेले.

दोघी रांगेने चालत राहिल्या. आडव्या झालेल्या काठ्या रोपवाली उभ्या करत होती, मातीने थोपटत होती. एका उंडीपाशी वन्सं मागे राहिल्या. रोपवाली वळून बघते तो, वन्संनी पिशवीतून पिण्याच्या पाण्याची बाटली काढली होती आणि बुंध्याशी हळूहळू ओतत होत्या.

"काठीला पाणी घालायचा नियम नाही हो, वन्सं."

"पाणी कुठे घालतेय? बाटली जड झालीये. रिकामी करतेय."

बाटली रिकामी झाली. वन्सं पुढच्या काठीपाशी गेल्या, तिच्याकडे बघितलं, मग त्या पलीकडे लांबवर गेलेल्या तीनशे दहांकडे बघितलं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "इथे जवळ नळ कुठे आहे?"